गोजरबाईचा उपास

मी कॅटेकिस्ट, म्हणजे चर्चचा धर्मशिक्षणाचा मास्तर. मूळचा जालन्याकडचा. १९६३ साली मला डोणगावजवळच्या एका वस्तीवर पाठवलं, तेव्हा माझं वय सत्तावीस आणि तोरा साठीतल्या हेडमास्तरचा. वस्तीवर ख्रिस्ती घरं अठरा, सगळ्यांचा बाप्तिस्मा मागच्या तीन-चार वर्षांतला. फादर कायतान दोन महिन्यांतून एकदा फटफटीवरून यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी सात जणांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार केलं. सहा जण प्रश्नोत्तरं धडाधड म्हणत. सातवी गोजरबाई. तिला पाठ काही होईना. प्रश्न एक, उत्तर भलतंच. मीच तिला आधी दोनदा मागं ठेवलं होतं. पण तिचा स्वतःचा एक प्रश्न होता आणि तो ती दर आठवड्याला विचारायची.

“मास्तर, फादर सोताच्या हातानं तोंडात देते?”

“हो आजी. जिभेवर ठेवतात.”

“मले बी?”

“तुम्हालाही.”

“वरून नाही टाकत?”

जन्मभर तिच्या ओंजळीत प्रसाद वरूनच पडला होता, देणाऱ्याला विटाळ होऊ नये म्हणून. हे तिनं मला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आईच्या ओंजळीतही तो तसाच पडत असे.

जूनचा पहिला रविवार ठरला. त्यानंतर ओढे भरले, काळ्या मातीचा चिखल झाला, की फादर थेट दिवाळीनंतर. गोजरबाई सत्तरीच्या पुढची, दम्यानं बेजार. “दिवाई पाह्यतो का नाही, देवाले मालूम,” असं ती म्हणायची, आणि तिचा श्वास ऐकला की मलाही तेच वाटायचं.

आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, “ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर सकाळी उपास पाहिजे. कडक.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

रविवारी सातला पहिली घंटा दिली. मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, आठला होती. फादर आले, झगा घालू लागले. गोजरबाई धुवट लुगडं नेसून सर्वांत पुढं बसली आणि मला म्हणाली, “तुमची घंटा वाजली तवा राजगिऱ्याचा लाडू अन् मूठभर शेंगदाने खाल्ले, मास्तर. पोटाले आधार पाह्यजे, नाहीतं दम लागते.”

“आजी, उपास होता ना?”

“मंग? उपासाचंच खाल्लं मी. चतुर्थीले बी हेच चालते.”

माझं टाळकं सरकलं. ख्रिस्तप्रसादाआधी तीन तास अन्नाचा कण चालत नाही, हे मी सांगितलंच नव्हतं; उपास म्हटल्यावर कळेल, असं धरून चाललो होतो. चूक माझी, आणि राग काढला तिच्यावर. “दगडाला शिकवलं असतं तर तो शिकला असता,” सगळ्यांच्या देखत मी म्हणालो. मग आवाज खाली आणला. “आता गप्प बसा. फादरांना सांगू नका. कोणाला कळतंय?”

“देवाच्या पंगतीले बसाचं अन् लबाडी कराची? तसं कसं जमन, मास्तर?” असं म्हणून ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि थेट फादरांपुढं जाऊन उभी राहिली.

तिचं ऐकून फादरांनी बाकीच्यांनाही विचारलं. उकंडरावानं भगर खाल्ली होती. मनकर्णाबाईनं साबुदाणा. पुंजाजीनं दोन केळी, आणि तीही लहान होती असं त्यानं वर सांगितलं. सातांपैकी चार जण फराळ करून आले होते आणि चारही जणांचा उपास होता.

“मास्तर, तुम्ही काय सांगितलं होतं?”

“उपास करा म्हणून.”

“मग केलाय की त्यांनी,” फादर म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिलं. “सगळ्यांचं खाणं घंटेच्या वेळचं. म्हणजे दहा वाजता मिस्सा करू.”

त्यांच्या स्वतःच्या पोटात रात्रीपासून काही नव्हतं आणि पुढच्या गावी अकराला दुसरी मिस्सा होती. तिकडं उशिराचा निरोप द्यायला त्यांनी एकाला सायकलवर पिटाळलं, निंबाखाली खुर्ची टाकली आणि पापनिवेदन ऐकायला बसले.

फादरांसारखा मीही खरा उपाशी होतो. पण गोजरबाई भिंतीला टेकून, धापा टाकत, दहा वाजायची वाट बघत होती. तिच्याकडं पाहवेना. मला माझी लाज वाटली. मी उठलो आणि सगळ्या वस्तीसमोर निंबाखाली फादरांपुढं गुडघे टेकले. एका म्हातारीला दगड म्हणालो आणि खोटं वागायला शिकवलं, एवढं बोलायलाही मला वेळ लागला.

परत आलो तर गोजरबाई काळजीनं म्हणाली, “तुमी बी काही खाल्लं व्हतं काय, मास्तर?”

“हाव, आजी. शेण खाल्लं. चुकलो मी तुमच्याशी.”

“बसा खाली,” ती म्हणाली. “दहाले टाइम हाये अजून.”

दहाला मिस्सा सुरू झाली. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत गोजरबाई पुढं, तिच्या मागं मी. फादर समोर आले आणि जन्माच्या सवयीनं तिनं दोन्ही हातांची ओंजळ वर केली. फादर थांबले.

“आजी,” मी मागून हळूच म्हणालो, “हात खाली घ्या.”

तिनं हात खाली घेतले आणि तोंड उघडलं.