बंदरावर मासा नको

"ए नागे, उचल ती पाटी! आज बंदरावर मासा दिसला न्हाई पाहिजे!"

आमचे चेअरमन अमृतराव नाकाला रुमाल लावून ओरडत होते. चेअरमन कशाचे, तर मच्छीमार सोसायटीचे. या माणसाने जन्मात जाळ्याला हात लावलेला नाही. ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, गळ्यात चेन आहे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचे म्हटले की जीव घाबरा होतो. पण आमच्या भोयांना एकमेकांची तोंडं बघवत नाहीत. दोघांच्या भांडणात हा तिसरा खुर्चीवर जाऊन बसला आणि दोघांनीही त्याला हार घातला. आम्ही करडवाडीकर असेच. आपल्यातला वर चढलेला सोसत नाही, परका डोक्यावर बसला तर मान ताठ ठेवतो.

नागुबाईने वर पाहिले नाही. चिलापीची खवलं काढता काढता म्हणाली, "मासा न्हाई तर मंग काय दिसू द्यायचं बंदरावर? म्हशी?"

"नामदार साहेब येऊन राहिलेत उद्घाटनाला. माळकरी माणूस हाय. त्यास्नी वास चालत न्हाई."

"मंग मासळीच्या बंदराला कामून बलावलं? पिठाच्या गिरणीला न्यायचं की."

माझी चहाची टपरी घाटाच्या उताराला आहे. गिऱ्हाइकं हसली. त्यामुळे अमृतराव जास्तच तापले.

"लई जीभ चालवू नको. तुझा ओटा अजून माझ्या हातात हाय. पाटी हालली न्हाई तर पहिल्या ओट्यावर माझ्या मेव्हण्याचं कोल्ड्रिंक बसंल, ध्यानात ठेव!"

तेव्हा मात्र नागुबाईची विळी थांबली.

बंदर म्हणून ऐकून कुणी समुद्र बघायला येऊ नये. धरण झाले, जुनी करडवाडी पाण्यात गेली आणि देगलूरकडे जाणारी जुनी सडक मधेच बुडाली. डांबरी सडक सरळ उतरत जाते आणि पाण्यात शिरते, एवढेच आमचे बंदर. पहाटे थर्माकोलच्या तराफ्यांवरून आमची माणसे येतात, सडकेवरच जाळी झटकतात. बाया कटला एकीकडे, रोहू एकीकडे करतात, मग बर्फाच्या पेट्या टेम्पोत चढतात. निजामाबादचा एक ड्रायव्हर चेष्टेने म्हणायचा, "क्या बंदर है तुम्हारा!" चेष्टा कळायला अक्कल लागते. आमच्या पुढाऱ्यांनी तीच चेष्टा अर्जात घातली, आणि वर बसलेले त्यांचे बाप निघाले, त्यांनी ती मंजूर केली. आता 'मत्स्य बंदर' अशी कमान उभी आहे.

बुडालेल्या सडकेचा एक मैलाचा दगड पाण्याच्या कडेला उरला होता. त्याला पाठ टेकून नागुबाईने मासळी विकली, तिथेच पोरं वाढवली. पाणी चढले की वर सरकायची, उतरले की पुन्हा दगडाशी यायची. ती जागा नाक्याची. तराफा आधी तिथे लागतो, गिऱ्हाईक आधी तिथे येते. मागे बसणाऱ्या बाईच्या वाट्याला उरलेली मासळी आणि माश्या. नव्या बांधकामात गुत्तेदाराने तो दगड उपटून धक्क्याच्या पायाभरणीत घातला, तेव्हा नागुबाई आडवी पडली होती. अमृतरावांनीच गावासमोर शब्द दिला, की मासळी विकायच्या नव्या ओट्यांपैकी पहिला, पाण्यालगतचा ओटा तुझा. आता शब्दावर मेव्हणा येऊन बसत होता.

नागुबाईने पाटी उचलली. मरळी ठेवलेला हंडा कमरेला घेतला आणि मंडपाच्या मागे बाभळीखाली जाऊन बसली. मरळ चिवट जात, हंड्यातल्या पाण्यात दिवसभर जिती राहते आणि जितीच विकली तर भाव येतो.

मग बंदर धुवायला सुरुवात झाली. फिनेल टाकले, अगरबत्त्या खोचल्या. तराफे दरिद्री दिसतात म्हणून लव्हाळ्यात दडवले आणि कुठल्याशा बागेतल्या तळ्यातून हंसाच्या आकाराच्या दोन पायडलच्या होड्या आणून बांधल्या. आमची माणसे त्या हंसांकडे कौतुकाने बघत बसली. लाज नावाची चीज त्या दिवशी कुणी घरून आणलीच नव्हती.

नागुबाईचा नवरा निवृत्ती जाळं खांद्यावर टाकून उभा होता. अमृतराव त्याच्यावर खेकसले, "जाळं दिसता कामा नये म्हणलं ना?"

"हाव मालक," निवृत्ती म्हणाला आणि कुणाला दिसणार नाही अशा जागी ते टाकून आला. जाळं न दिसायची जागा एकच असते. त्याने ते धक्क्यापुढच्या पाण्यात लावले.

साहेबांच्या हातून धरणात मत्स्यबीज सोडायचे होते. बोटाएवढी पिल्ले एका टबात आणून मंडपात ठेवली होती. गेंद्याची माळ घातलेला तो टब अमृतरावांनी वाकून हुंगला आणि तोंड वाकडे केले.

"ह्याला बी वास येऊन राहिला की रे!"

"माशाला माशाचाच वास येणार, मालक," मी म्हणालो.

"तू चहा उकळ," असे म्हणून त्यांनी मेव्हण्याला हाक मारली. मेव्हण्याने खिशातली अत्तराची बाटली काढली आणि दाजींच्या मर्जीसाठी सगळीच्या सगळी टबात उपडी केली. मंडप कसा घमघमला! सोसायटीचे डायरेक्टर सुद्धा "वा वा" म्हणाले. त्यातले निम्मे भोई. मासा कशाने मरतो हे आईच्या पोटातून शिकून आलेली माणसे, पण चेअरमनच्या मेव्हण्याने ओतले म्हणून एकाची जीभ उचलली नाही.

चहाला उकळी फुटायच्या आत सगळी पिल्ले पांढरी पोटे वर करून तरंगायला लागली.

तेवढ्यात फोन आला, साहेबांची गाडी फाट्यावर आली. अमृतरावांचा चेहरा टबातल्या पिल्लांसारखा झाला. "आता काय सोडायचं? फोटोवाले आलेत! जिता मासा आना रं कुठून तरी!"

जिता मासा साऱ्या बंदरात एकाच ठिकाणी होता. अमृतराव रुमाल खिशात कोंबून बाभळीकडे पळाले. मीही किटली घेऊन मागे गेलो, असला तमाशा कोण सोडतो?

"नागुबाई, हंड्यात काय हाय?"

"काय की. आज मासा दिसू द्यायचा न्हाई म्हनलाव, म्हून झाकून ठिवलंय."

"मावशी, चेष्टा नको. इज्जतीचा सवाल हाय. मरळी दे, सांजच्याला पैसे घे."

सकाळी नागी होती, ती घटकेत मावशी झाली.

"पैसे नकोत. माझा ओटा?"

"दिला, दिला! तुलाच हाय."

"तसलं देनं मी लई बघितलंय. मी आधी वट्यावर बसते, मंग हंडा देते."

"आगं पाटी घेऊन? साहेबास्नी वास..."

"मंग सोडा की अत्तर पान्यात."

कमानीजवळ गाडीचा हॉर्न वाजला. अमृतरावांनी हात जोडले. नागुबाई उठली, पाटी डोक्यावर, हंडा कमरेला, धुतलेल्या बंदरावरून ठुमकत गेली आणि पहिल्या ओट्यावर मांडी घालून बसली. पाटी पुढे मांडली, विळी रोवली आणि मगच हंडा पुढे सरकवला. मला तेव्हा तिचा असा अभिमान वाटला की किटली हातात नसती तर टाळ्या पिटल्या असत्या.

साहेब आले. पांढरे कपडे, गळ्यात माळ. मच्छीमार बांधवांविषयी पुष्कळ बोलले, बांधवांकडे मात्र एकदाही पाहिले नाही. मग दोन्ही हातांनी मरळ उचलली. ती अशी उसळली की साहेबांच्या कपड्यांवर चिखलपाण्याचा शिडकावा झाला. साहेब हसले आणि नकळत तिला हातावर तोलून म्हणाले, "दीड किलोच्या पुढं भरंल की ही!"

नागुबाईने मान वर करून साहेबांकडे नीट बघितले. मासळी न खाणाऱ्याचा हात असा तोलत नाही.

एकेक मरळ पाण्यात गेली, फोटो निघाले, मंडळी पांगली. निवृत्ती शांतपणे पाण्यात उतरला, न दिसणारे जाळे ओढले आणि सगळ्या मरळी पुन्हा हंड्यात आणून टाकल्या.

दिवस कलताना अमृतराव एकटेच आले. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाले, "साहेब आज आमच्याकडं मुक्कामाला हायेत. मरळ पाहिजे. मोठी."

"आन् माळ?" नागुबाईने विचारले.

"खुंटीला ठिवलीय. तू काप."

तिने सगळ्यांत मोठी मरळ काढली आणि विळीवर धरली. "ही साहेबाच्याच हातची हाय. सांगा त्यास्नी." दाम दुप्पट घेतला. अमृतरावांनी पिशवी सदऱ्याखाली दडवून नेली. सकाळी ज्या वासाला नाकावर रुमाल होता, तो वास आता पोटाशी धरला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मेव्हणा कोल्ड्रिंकचा फ्रिज टेम्पोत घालून हजर. मागे अमृतराव. साहेब गेले होते, काम भागले होते. अशा माणसांचा शब्द पाहुण्याची गाडी दिसेपर्यंतच टिकतो.

"नागे, ऊठ. कालच्या पुरतं बसवलं होतं तुला."

घाटावर सगळी बंधुमंडळी उभी होती. पहिला तराफा ओट्याला लागला होता. त्यातला कुणी नागुबाईच्या बाजूने पुढे येईल अशी मला आशाही नव्हती.

नागुबाई रोहूचे डोके उडवत म्हणाली, "उठते की. पर मालक, माझी एक खोड हाय. वट्यावर बसले की माझं तोंड मिटतंय. खाली भुईवर बसले की सुटतंय. खुंटीवरची माळ, सदऱ्याखालची पिशवी, समदं सुटतंय. फोटोवाले अजून लॉजवरच हायेत म्हनं."

अमृतराव उभ्या जागी हिरवे-पिवळे झाले. मग मेव्हण्यावर ओरडले, "बघतोस काय? वळव टेम्पो!"

तेव्हापासून नागुबाई पहिल्या ओट्यावर आहे. तिने तोंड उघडलेले नाही. गरजही नाही, चहाबरोबर ही गोष्ट वाढायला टपरी माझी आहे.