डाव्या खांद्यावरची लेखणी

मित्रांनो, मी एक जुना करडा कोट आहे. माझ्या बाह्यांवर वाळलेली खळ दिसते ना, ती माझ्या मालकांची, पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरचाचांची खूण. शिंप्यानं मला बेतलं तेव्हा खांदे जरा जास्तच रुंद झाले. चाचा हसून म्हणाले, "असू दे. दोघांना बसायला जागा हवीच."

ते दोघे म्हणजे लिहिणारे फरिश्ते. उजवा नेकी लिहितो, डावा बदी. नेकीचं नुसतं मनापासून ठरवलं तरी उजवा एक लिहून टाकतो, केली तर दहा. डावा मात्र सबुरीचा. चूक झाली तरी काही तास लेखणी उचलून धरतो. माणूस पस्तावला तर लिहीत नाही. हे चाचांना त्यांच्या अब्बांनी सांगितलं होतं. मला ते दोघे कधी दिसले नाहीत, पण माझे खांदे झटकताना चाचांचा हात हळूच पडायचा.

"लोकांच्या वह्या मी शिवतो," ते म्हणत, "माझी हे दोघे भरतायत. आणि शेवटी वाचायची मलाच!"

त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर स्वयंपाकी होता. एकदा तो सुट्टीवर आला आणि त्याच्या हातून चहा सांडला, तोही नेमका शिवून ठेवलेल्या पानांवर. चाचांच्या जिभेला हाड राहिलं नाही. "तू म्हणजे नुसतं ओझं आहेस घराला!"

भावानं पिशवी उचलली आणि निघाला.

चाचा लगेच वरमले. मला अंगात चढवून दारापर्यंत गेले आणि थबकले. पुठ्ठ्याला खळ लावलेली होती. "एवढा चिकटवून जातो, नाहीतर वाळेल. डावा थांबतो तेवढा."

डावा थांबलाही असेल. जहाज थांबलं नाही.

चाचांनी पत्रं धाडली, ती परत आली; भावानं जहाज बदललं होतं. चाचा रोज तोबा करत आणि मग पुटपुटत, "अल्लाह माफ करील. पण मन भावाचं दुखावलंय, त्याची माफी त्यानंच द्यायला हवी."

तशातच ते गेले. मी खुंटीवर राहिलो, रिकाम्या खांद्यांचा. फार एकटं वाटतं, मित्रांनो.

परवा भाऊ आला. केस पांढरे झालेले. त्यानं माझ्या खांद्यावरची धूळ हळूच झटकली, अगदी चाचा झटकायचे तशी.

"भाईजान, कोपऱ्यावर वळायच्या आतच मी माफ केलं होतं रे. म्हटलं, पुढच्या सुट्टीत सांगू. ती सुट्टी लांबतच गेली."

मित्रांनो, माफी मागायला निघालात तर खळ वाळू द्या. आणि कुणाला माफ केलं असेल, तर तेही जाऊन सांगा. माझे चाचा ते ऐकायला सहा वर्षं इथंच बसले होते.