अकोल्यातला दोरा

...आणि त्या चिमणीचा एक डोळा उसवलेला होता. उशीवर लोकरीनं भरलेली तपकिरी चिमणी. शालूबाई मघापासून तिच्याकडेच बघत होत्या, कारण दुसरीकडे बघायचं तर मान उचलावी लागली असती, आणि आज मान उचलायचाही कंटाळा आला होता. पुढच्या बाकाच्या पाठीला खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर अशी एकेक उशी टांगलेली. बसायला म्हणावं तर फार लहान, टेकायला म्हणावं तर फार टणक... मग कशाला? फरशी मात्र बर्फाच्या लादीसारखी गार होती. बूट त्यांनी दाराबाहेर काढून भिंतीशी जोडून ठेवले होते, विहारात जाताना ठेवतात तसे. हे काय कोणी सांगावं लागतं? आता मोज्यातून गारठा गुडघ्यापर्यंत चढला, तशी त्यांनी उशी काढली, खाली टाकली आणि दोन्ही पाय चिमणीवर ठेवले. बरं वाटलं.

लेक प्रियदर्शनी औषधाच्या दुकानात रांगेत उभी होती. बाहेर वारा आहे, तू आत बस, इथलं चर्च दिवसभर उघडंच असतं, असं सांगून ती गेली होती. लेकीच्या या इंग्लंडातल्या गावाला येऊन तीन आठवडे झाले होते; तीन आठवडे लेक कुठे बसवेल तिथे बसायचं, उठवेल तेव्हा उठायचं. तिकडे राजापेठेतलं घर कुलूपबंद होतं. त्यांचे पती धर्मपाल जाऊन आठ महिने झाले, आणि त्या घरात एकटीनं चहा करायचाही त्यांना शीण यायचा... पण इथंही तो शीण सोबतच आला होता, बॅगेत न भरता.

काल रात्री जेवणानंतर लेकीनं टेबलावर मोबाइल ठेवला. बाबांच्या पहिल्या पुण्यस्मरणाला छोटी पुस्तिका काढायची आहे, तू शेवटच्या दिवसांचं सांग, बाबा कसे पक्के राहिले ते सांग, मी उतरवून घेते. शालूबाई म्हणाल्या, डोकं दुखतं. आज रात्री पुन्हा मोबाइल ठेवला जाणार, आणि रोज रोज डोकं किती दुखणार?

पक्के तर ते होतेच. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा लेकाच्या हाडात भिनवल्या. प्रियदर्शनी तान्ही असताना मावशीनं तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता, तो धर्मपालांनी कात्रीनं कापला. कापताना पोरीला हसवत होते, एक शब्द कोणाला बोलले नाहीत, पण त्यानंतर मावशीनं कधी दोरा आणला नाही. वलगावच्या शाळेत शालूबाईंनीही तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं — झाडाला ताप कळत नाही रे, डॉक्टरला कळतो.

आणि अकोल्यात, ते दाखल होते त्या दवाखान्याच्या मागे, निंबाच्या झाडाला...

समोर कोपऱ्यात लोखंडी तबकावर मेणबत्त्या जळत होत्या. येताना त्यांनी पाहिलं होतं, एक म्हातारा एक मेणबत्ती लावून नुसता उभा राहिला, मग टोपी घालून गेला. गेलेल्या माणसासाठी लावत असतील. मेणबत्ती तर आपल्या हातची. आयुष्यभर बुद्धांपुढे, बाबासाहेबांपुढे लावली. मग उठून एक लावायला काय हरकत होती? पण हातच धजेना. एकदा चुकलेल्या हातावर मी भरवसा कसा ठेवू?

त्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं होतं की आता फार आशा धरू नका. शालूबाई मागच्या दारानं निघाल्या, कुठं ते माहीत नव्हतं, आणि झाडाखाली बसलेल्या बाईनं दोरा पुढे केला. शेकडो दोरे होते तिथं, त्यात शालूबाईंचा एक. बांधताना बोटाला कुंकू लागलं. परत येऊन धर्मपालांना चमच्यानं पाणी पाजून ऑक्सिजनचा मास्क परत लावला, तेव्हा त्यांनी मास्कवरून त्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बांधला असशीन तं बांधला,” ते म्हणाले. “मले नोको सांगू.”

चौथ्या दिवशी ते गेले. मले नोको सांगू — म्हणजे काय? माफ केलं? की ऐकवणार नाही, इतकं वाईट वाटलं? आठ महिने शालूबाई ते वाक्य उलटसुलट करून बघत होत्या, आणि त्यातून एवढंच निघायचं, की जाताना माणूस आपल्याला परकं मानून गेला.

पावलं वाजली. झाडू घेतलेली एक म्हातारी जवळ आली. दुसऱ्या हातात शालूबाईंचे बूट. बूट तिनं बाकाशी ठेवले, मग पायांखालची उशी पाहिली आणि स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून, दोन्ही हात जोडून दाखवलं. प्रार्थनेला गुडघे टेकायची उशी! शालूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय आखडून त्यांनी उशी उचलली, पदरानं पुसली. म्हातारीनं ती त्यांच्या हातातून घेतली, पुन्हा खाली ठेवली, त्यांच्या पायांकडे बोट केलं आणि झाडत पुढे निघून गेली.

शालूबाईंनी पाय परत ठेवले. डोळे भरून आले होते, ते कशानं हे शोधायचीही ताकद नव्हती.

प्रियदर्शनी औषधांची पिशवी घेऊन शेजारी येऊन बसली. बूट कायले काढले, सर्दी होईल, असं काहीबाही बोलली. आज रात्री थोडं तरी रेकॉर्ड करू, असंही म्हणाली.

“मी अकोल्याले दोरा बांधला होता,” शालूबाई म्हणाल्या. “तुह्या बाबासाठी. निंबाले.”

लेक पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

“मले माहीत हाय, आई. बाबानं फोनवर सांगितलं होतं. तुह्या मायनं दोरा बांधला म्हणे. तिले बोलू नोको म्हणे.”

“रागात होते?”

प्रियदर्शनीनं आठवून पाहिलं. “नाई सांगता येत. मास्क काढून बोलत होते, आवाज बारीक होता.”

शालूबाईंनी खाली चिमणीकडे पाहिलं. मला सांगू नको म्हणाले आणि स्वतः मात्र धाप लागलेली असताना मास्क काढून, सातासमुद्रापार लेकीला सांगून मोकळे झाले. तिला बोलू नको म्हणे... म्हणजे मी एकटीनं वाहत बसायचं, आणि या बापलेकीनं माझ्या पाठीमागे वाटून घ्यायचं! संसारात कितीदा केलं या माणसानं असं — घरातली गोष्ट माझ्याशी बोलायची नाही आणि दुनियेला सांगून यायची. शालूबाईंना राग आला, चांगला सणकून आला. आता ते समोर असते तर शालूबाईंनी ताट आदळलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता, आणि तिसऱ्या दिवशी धर्मपालांनीच येऊन विचारलं असतं, चहा करतं का.

लेक म्हणाली, निघू या का? शालूबाईंनी मानेनंच नको म्हटलं. अपराध कुठं गेला नव्हता, इथंच बाकावर शेजारी होता. पण आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना त्या माणसाची भीती वाटत नव्हती, नुसती आठवण येत होती, आणि ती फार दुखत होती.