चांगल्या रिंगा

वारंगा फाट्यावरच्या भीमराज मिस्त्रीकडं तपासणीचं एकच यंत्र होतं, त्याचा उजवा तळहात. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढायचं, तोंडावर हात धरायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "बॅक कॉम्प्रेशन मारून राहिलं, वारा उलटा येऊन राहिला. पिस्टनच्या रिंगा गेल्या." वीस वर्षांत हात चुकला न्हाई, असं तो स्वतःच सांगायचा. गिऱ्हाइकं बिचारी माना डोलवायची.

डोंगरकड्याच्या व्यंकटरावांच्या जुन्या डिझेल गाडीलाही त्यानं दीड महिन्यामागं हाच निकाल दिला होता. इंजिनातला कोंडलेला वारा जिथून बाहेर पडतो, त्या ब्रीदरच्या नळीतून भसाभसा धूर निघत होता.

"ब्रेक बी जड लागून राहिला रे," व्यंकटराव म्हणाले होते.

"ते मागाहून बघू काका. आता गाडी सुरूच करू नका. इंजिन रस्त्यात जाम होईल, मग बसा बोंबलत."

त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी भर दुपारी त्यांच्या बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या छातीत कळ आली. गाडी अंगणात उभी होती, पण व्यंकटरावांनी तिला हात लावला नाही. दुसऱ्याची जीप यायला सव्वा तास लागला. नांदेड गाठायच्या आधीच, अर्धापूरच्या अलीकडं, बाई गेल्या.

आज ती गाडी ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आली. व्यंकटराव बाकावर बसले, चहाला नको म्हणाले. या दीड महिन्यात भीमराजला रडू आलं नव्हतं की झोप उडाली नव्हती. जेवायचा, नट आवळायचा, जणू दुसराच कुणी करतोय. त्यानं गाडी सुरू केली, झाकण काढलं, हात धरला. आणि काय आश्चर्य, हाताला काहीच कळेना! गरम वारा लागत होता, बस्स.

मग त्यानं नवशिक्यासारखं एकेक तपासायला घेतलं. आधी ब्रेक दाबला. दगडासारखा कडक. ब्रेकचा रबरी पाइप चाचपत गेला तर खालच्या वाकणात नखाएवढी चीर. ब्रेक हलका लागावा म्हणून, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या मागचा छोटा पंप ब्रेकमधली हवा ओढून इंजिनात सोडतो. इथं तो चिरेतून बाहेरची हवा ओढत होता आणि गाडी चालू असेपर्यंत इंजिनात कोंबत होता. भीमराजनं पाइप उपसून पंपाच्या तोंडावर अंगठा दाबला. ब्रीदरचा धूर बसला. अंगठा काढला, धूर आला. तीनदा केलं. तीनदा तेच.

रिंगा चांगल्या होत्या. गाडी नांदेडला जाऊन परत आली असती.

तो बाकापाशी गेला आणि जे होतं ते सांगून टाकलं. "काका, माझी चूक. ब्रेकचा पाइप फाटला होता. तुमी सांगत होते, मीच ऐकलं न्हाई."

आता दोन थोबाडीत बसतील, असं त्याला वाटलं. बसाव्यात, असंही वाटलं. व्यंकटरावांनी गाडीकडं पाहिलं.

"इंजिन खोल," ते म्हणाले. "नव्या रिंगा टाक."

"काहून काका? गरज न्हाई."

"साधना येऊन राहिली पुण्याहून. ती विचारंल. रिंगाच गेल्या होत्या, असं सांग." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "गाडी चांगली होती म्हणलास, तर तिची आई मरून राहिली असताना मी सव्वा तास काहून बसलो, हे मला सांगावं लागंल. तुझी चूक तुझ्यापाशी ठेव."

भीमराजनं इंजिन खोललं. जुन्या रिंगा काढल्या, मापून पाहिल्या. कशाला मापल्या, त्याचं त्यालाच ठाऊक. एकही झिजली नव्हती. नव्या बसवल्या, पाइपही बदलला.

चौथ्या दिवशी साधना गाडी न्यायला आली. टेबलावरच्या जुन्या रिंगांपैकी एक तिनं उचलली.

"ह्याच का काका?"

"व्हय. ह्याच."

तिनं ती दोन्ही हातांत फिरवून पाहिली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. "मग बरं झालं बाबांनी गाडी काढली नाही. आई रस्त्यात अडकली असती."

"व्हय," भीमराज म्हणाला.

तिनं रिंग त्याच्या उजव्या तळहातावर ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. धुराचं नाव नव्हतं.