पाव की पाऊण?

मी एक जुना औषध मोजायचा पेला आहे. काचेचा, बुटका, बुडाशी निमुळता आणि तोंडाशी रुंद. माझ्या अंगावर चार रेषा कोरलेल्या आहेत. मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, हा भातुकलीतून चुकून बाहेर आला असावा. वाटू द्या. माझे आयुष्य लहान मुलांच्या वॉर्डात गेले आणि तिथल्या एकाही मुलाने मला हसून जवळ घेतले नाही. मी दिसलो की ती मान फिरवत आणि ओठ घट्ट मिटून घेत. त्याचा मला कधी राग आला नाही. औषध पाजणाऱ्याने लाडके होण्याची आशा धरू नये.

माझा जन्म काचेच्या भट्टीत झाला. अंगावर रेषा कोरून झाल्या की आम्हाला एका बाईंसमोर मांडत. त्या प्रत्येकात मोजलेले पाणी ओतून पाहत. पाणी रेषेला लागले तर पेला खोक्यात, नाही लागले तर भंगाराच्या टोपलीत. माझ्या शेजारचा पेला माझ्याहून देखणा होता, पण त्याची एक रेषा जराशी वर गेली होती. बाईंनी त्याला उचलला आणि टोपलीत टाकला. खळ्ळकन आवाज झाला. तेव्हापासून माझा स्वभाव थोडा खडूस झाला आहे. 'साधारण बरोबर' असे कोणी म्हटले की माझ्या अंगावर काटा येतो.

आता या चार रेषांबद्दल सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरूनच घडले. सगळ्यात वरची रेषा म्हणजे औषधाचा एक पूर्ण चमचा. त्याचे चार सारखे वाटे केले की खालून पहिली रेषा पाव, दुसरी अर्धा आणि तिसरी पाऊण. पाव म्हणजे चहात बुडवायचा पाव नव्हे, चारातला एक वाटा. पाऊण म्हणजे चारातले तीन. एक दुसऱ्याच्या तिप्पट, पण नावे जुळ्या भावंडांसारखी. आणि औषधाचा चमचा म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला चमचा नव्हे. त्या मंडळींशी माझे कधीच पटले नाही. कोणी खोलगट, कोणी पसरट, कोणाच्या पोटात दुसऱ्याच्या दुप्पट मावते, तरी सगळे चमचेच. शिवाय पुढेपुढे करण्यात चमच्यांचा हात कोण धरणार?

वॉर्डात मी मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली वाढलो. त्या उंचीने सगळ्यांत लहान होत्या, पण वॉर्डाच्या प्रमुख म्हणून सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. मुलाचे वजन केल्याशिवाय त्या औषधाला हात लावत नसत. मोठ्यांचे औषध अर्धे केले की मुलाचे झाले, असे कोणी म्हणाले तर त्या म्हणत, मूल म्हणजे काय अर्धा माणूस आहे? बाटलीवरचे नाव वाचायचे, मुलाचे नाव विचारायचे, बाटली हलवायची, मला सपाट टेबलावर ठेवायचे आणि मग कमरेत वाकून डोळे माझ्या रेषेच्या पातळीला आणायचे. हातात उंच धरून मोजणाऱ्यांना त्या मोजणारे मानतच नसत.

पाजण्याची त्यांची रीतही ठरलेली होती. मुलाला उठवून बसवायचे, नाक दाबायचे नाही, घशात ओतायचे नाही, गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे सोडायचे. दुधाच्या बाटलीत औषध मिसळू द्यायचे नाही, कारण मुलाने दूध अर्धे टाकले तर औषध किती गेले हे देवालाही सांगता येणार नाही. एका आजोबांनी नातवाला लाडाने 'खाऊ आहे, खाऊ' म्हणून सरबती औषध पाजले, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी त्यांना बाजूला घेऊन चांगलेच सुनावले. उद्या हाच नातू कपाटातली बाटली खाऊ म्हणून संपवील, तेव्हा कोण जबाबदार?

त्यांची सगळ्यात आवडती दोन शब्दांची आज्ञा होती, 'परत सांगा.' घरी जाणाऱ्या प्रत्येक आईकडून त्या मात्रा परत म्हणवून घेत, वर माझ्यात पाणी ओतून दाखवायला लावत. काही जण वैतागत. एक वडील म्हणाले, मी शाळेत शिक्षक आहे. त्या म्हणाल्या, मग तर तुम्हाला परत म्हणायची सवयच असेल.

पुढे वॉर्डात बिनसुईच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. तान्ह्या बाळाचे इवलेसे औषध त्या माझ्यापेक्षा नेमके मोजत, हे मला कबूल करावे लागते. मी खणात गेलो. तिथे बोथट कात्री आणि चिकटपट्टीची रिकामी रिळे माझ्या शेजारी होती. कधीतरी खण उघडे, उजेड येई आणि हात दुसरेच काहीतरी उचलून निघून जाई. मला वाटले, आता संपले आपले.

मग एके दिवशी हात आला आणि त्याने मलाच उचलले.

त्या दिवशी वॉर्डातून एक बाळ घरी निघाले होते. अजून दातही न आलेली, गोबऱ्या गालांची मुलगी. सगळे तिला छकुली म्हणत. छाती भरली होती, ती बरी झाली होती, ताप मात्र अधूनमधून डोके वर काढत होता. म्हणून डॉक्टरांनी घरी द्यायला तापाचे औषध दिले होते. ते मोठ्या मुलांचे पातळ औषध नव्हते, तान्ह्या बाळांसाठीचे तीव्र थेंब होते. थोड्याशा औषधात खूप ताकद. बाटलीसोबतचा ड्रॉपर नेमका फुटला होता आणि सिरिंजांचा डबा रिकामा होता. छकुलीची आई म्हणाली, घरी चमचा आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, घरचा चमचा मुळीच नको, आणि त्यांनी मला खणातून काढून, धुऊन, तिच्या हातात दिले.

मला केवढा आनंद झाला होता, मित्रांनो.

वडील कामासाठी परगावी होते, म्हणून न्यायला छकुलीची आत्या आली होती. तिने पिशवी खांद्याला लावली होती आणि गाडी खाली थांबली आहे असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मोठ्या सिस्टर आईला समजावू लागल्या, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरच्या मुलाला झटका आला. एकच धावपळ उडाली. मोठ्या सिस्टर वळता वळता म्हणाल्या, "औषध पॉवरचं आहे बरं का. पाव. ताप असेल तरच, आणि दिवसातून चार वेळांच्या वर नाही." आणि त्या धावल्या.

'परत सांगा' हे दोन शब्द त्या दिवशी राहून गेले.

आईने काहीतरी विचारायला तोंड उघडले होते. आत्या म्हणाली, "अगं, आणखी किती विचारशील? त्यांना कामं आहेत." आईने तोंड मिटले. मी तिच्या मुठीत होतो. मुठीला घाम सुटला होता.

घरी पोचल्यावर संध्याकाळी छकुलीला ताप भरला. आईने हात धुतले. बाटली हलवली, मला टेबलावर सपाट ठेवले आणि वाकून डोळे माझ्या पातळीला आणले. वॉर्डात पाहिलेले ती काहीच विसरली नव्हती. मग तिने औषध ओतले. पहिल्या रेषेच्या वर, दुसऱ्या रेषेच्या वर, आणि थेट तिसऱ्या रेषेला आणून थांबवले. एक थेंब जास्त झाला तर तो तिने परत बाटलीत काढला. छकुलीला मांडीवर उठवून बसवले आणि गालाच्या कडेने थोडे थोडे पाजले. इतक्या काळजीने केलेली चूक मी आयुष्यात पाहिली नव्हती.

ताप उतरला. आईला वाटले, औषध लागू पडले. पुन्हा ताप आला, पुन्हा तिसरी रेषा. दुसऱ्या दिवशीही तेच. अति तिथे माती म्हणतात, ती माती माझ्याच पोटातून त्या लेकराच्या पोटात जात होती आणि मी नुसता पाहत होतो. मग छकुली दूध ओकू लागली. आत्या म्हणाली, दात येत असतील. पण दुपारपर्यंत तिने दुधाकडे तोंडच फिरवले आणि ती आईच्या खांद्यावर अशी पडून राहिली की हाक मारली तरी मान उचलेना. आईने शाल गुंडाळली, बाटली आणि मला पिशवीत टाकले आणि ती पायात चपला उलट्यासुलट्या घालून निघाली.

वॉर्डात मोठ्या सिस्टरांनी बाळाला पाहिले मात्र, त्यांचा चेहरा बदलला. काय दिले, कशाने दिले, शेवटचे कधी दिले, हे त्यांनी विचारले. मग पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, बोलू नका, ओतून दाखवा. आईने पाणी ओतले. तिसऱ्या रेषेला थांबवले.

"पाऊण?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"तुम्हीच सांगितलं होतं ना," आई म्हणाली, "पाऊण."

मला वाटले, आता त्या म्हणतील की मी पाव म्हणाले होते. खरेही तेच होते आणि मी साक्षीला होतो. पण त्या सरळ डॉक्टरांकडे गेल्या आणि त्यांना सगळे स्पष्ट सांगितले. तिप्पट औषध, इतक्या वेळा, शेवटचे सकाळी. हे औषध नेमून दिल्यापेक्षा जास्त गेले तर यकृताला इजा करते. छकुलीचे रक्त तपासायला घेतले आणि त्या औषधावरचा उतारा शिरेतून सुरू केला. वाचेल ना, असे आईने विचारले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेत आणलंत की नाही, ते आता रक्तच सांगेल.

बाकावर बसून आत्या रडत होती आणि रडता रडता बोलत होती. आईनेच हाताने पाजले, आता दोष कोणाला द्यायचा, भावाला मी काय तोंड दाखवू. वॉर्डातल्या बाकीच्या बायका ऐकत होत्या. छकुलीची आई भिंतीला टेकून उभी होती, तिने आपले दोन्ही हात पदराखाली लपवले होते. मोठ्या सिस्टर आत्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"त्यांना बोलू नका. मी पाव म्हणाले, त्यांना पाऊण ऐकू आलं. त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही."

हे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग वरिष्ठांनाही त्यांनी स्वतः जाऊन सांगितले. त्या दिवसापासून वॉर्डात मात्रा सांगताना पाव आणि पाऊण हे शब्द बंद झाले. रेषेवर लाल चिकटपट्टी लावून द्यायची आणि बोट ठेवून दाखवायचे, असे ठरले. चांगले झाले, पण छकुली अजून डोळे उघडत नव्हती आणि मला कशाचाच आनंद होत नव्हता.

ते दिवस फार वाईट गेले. रक्ताचे आकडे आधी वाढले, मग थबकले आणि मग हळूहळू उतरू लागले. एका सकाळी छकुली सुई टोचल्यावर कर्कश रडली. एरवी त्या आवाजाने वॉर्ड हैराण झाला असता. त्या दिवशी मोठ्या सिस्टर पाठ फिरवून डोळे पुसत राहिल्या.

बाळ सावरले, पण आई सावरली नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर ताकाला हात लावायलाच तयार नव्हती. छकुलीला पाण्याचा घोटसुद्धा ती दुसऱ्या कोणाला तरी पाजायला सांगे. घरी जायच्या दिवशी बाळाला आणखी काही दिवस द्यायचे एक नवे औषध आले. मोठ्या सिस्टरांनी नवी सिरिंज आणली, तिच्यावर लाल पट्टी लावली आणि आईपुढे धरली. आई मागे सरली.

"ताईंना शिकवा," ती आत्याकडे बोट दाखवून म्हणाली. "माझ्या हातून नको."

मोठ्या सिस्टरांनी सिरिंज मागे घेतली नाही. मग आई खाली बघत म्हणाली, "मला त्या दिवशी नीट ऐकूच आलं नव्हतं. पाव की पाऊण, विचारणार होते. पण म्हटलं, सगळे म्हणतील, हिला एवढंही कळत नाही."

मी टेबलावर होतो, तिथून मला तिघींचेही चेहरे दिसत होते. मग आत्या उठली. तिने छकुलीला स्वतःच्या मांडीवर उठवून बसवले, पण सिरिंजेला हात लावला नाही.

"विचार तू," ती वहिनीला म्हणाली. "मलासुद्धा कळलेलं नाही."

आईने विचारले. मोठ्या सिस्टरांनी सांगितले. तिने परत विचारले, त्यांनी परत सांगितले. मग तिने औषध लाल पट्टीपर्यंत ओढले, उजेडाकडे धरून पाहिले आणि गालाच्या कडेने सोडले. छकुलीने त्यातले निम्मे तिच्याच अंगावर थुंकले. आई घाबरून म्हणाली, आता हे परत द्यायचं का? आणि मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मनाने द्यायचं नाही, असंच विचारायचं, दर वेळी विचारायचं.

मित्रांनो, मी आता पुन्हा खणात आहे आणि माझी तक्रार नाही. माझे मागणे एवढेच आहे. औषध किती, केव्हा, कशाने, हे नीट कळले नाही तर परत विचारा, आणि तुमच्या शेजारी कोणी परत विचारत असेल तर त्याला हसू नका, घाई करू नका. मला तोंड आहे पण बोलता येत नाही, म्हणून त्या घरात मी गप्प राहिलो. तुम्हाला बोलता येते.