आरतीपुरतं इंजिन

वैजनाथला गाळ सापडायला हवा होता. चिमूटभर सापडला असता तरी त्याचं भागलं असतं.

शेंडीतल्या आपल्या घरामागे त्याने बोटीचं इंजिन लाकडी घोडीवर उभं बांधलं होतं आणि पान्यांचा डबा उघडून तो सकाळपासून त्याच्याशी झटत होता. भंडारदऱ्याच्या धरणात बोट चालवणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की इंजिन चालू झालं की मागे वळून बघायचं. ते खालून धरणाचं पाणी ओढतं, अंगातून फिरवतं आणि मागच्या बारीक भोकातून बाहेर टाकतं. त्या पाण्यानेच ते थंड राहतं. धार जोरात पडत असेल तर निघायचं, नाहीतर तिथेच बंद करायचं. त्याची बोट चालवणारे पुंजाराममामा या धारेला जे म्हणायचे ते सहलीला आलेल्या बायकांसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. म्हणून ते नुसतंच "मोकळं हुतंय, चला" असं सांगून बोट सोडायचे.

दसरा झाल्यावरच्या रविवारी ती धार आटली आणि इंजिन भर धरणात तापून बंद पडलं. बोटीत नाशिकची मंडळी होती. मामांनी वल्हं मारत बोट काठाला आणली. साठी उलटलेला माणूस, काठाला लागेपर्यंत त्यांच्या हातांत जीव उरला नव्हता. त्यांना पाणी द्यायचं सोडून वैजनाथने सगळ्या बोटवाल्यांसमोर आणि त्या पाहुण्यांसमोर तोंडसुख घेतलं.

"वाडीच्या म्हाताऱ्यांचे पाय भिजू नयेत म्हनून तुमी बोट गाळात घालता. गाळानं बुजलं इंजिन. उद्यापासनं येऊ नका तुमी."

आरोप अगदीच हवेतला नव्हता, हीच तर पंचाईत. पलीकडच्या वाडीला बाकीचे बोटवाले लांबच थांबतात आणि माणसं गुडघाभर पाण्यातून, चिखलातून काठावर जातात. मामा मात्र बोट थेट काठाला टेकवायचे. आक्काबाईसारख्या काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला हाताला धरून कोरड्या जमिनीवर उतरवायचे आणि मगच फिरायचे. वैजनाथच्या वडिलांच्या वेळी बोटीला इंजिनच नव्हतं, तेव्हापासून त्यांची ही रीत. वैजनाथला पोहायला शिकवलं तेही त्यांनीच. त्या दिवशी मामांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, वल्हं जागेवर ठेवलं आणि चालत घरी गेले. परक्या गड्यालाही कोणी असं चारचौघांत बोललं नसतं.

तर आता गाळ. खाली पाणी ओढायच्या तोंडाशी जाळी असते, वैजनाथने ती आधी काढली. जाळी स्वच्छ. मग धारेच्या भोकात बारीक तार घातली. तार सरळ आत गेली, बाहेर आली, टोकाला काही नाही. त्याने इंजिनाचं खालचं टोक पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये बुडवलं आणि दोरी ओढली. इंजिन सुरू झालं, पण मागून धार नाही, नुसते थेंब. त्याने लगेच बंद केलं. आता राहिला पंप.

खालचा भाग सोडवून त्याने पंपाचं झाकण उघडलं. आत रबराचं एक छोटं चक्र असतं, फुलासारख्या पाकळ्यांचं. ते फिरतं तेव्हाच पाणी वर चढतं. त्या पाकळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, दोन तर मुळापासून गळाल्या होत्या. जळक्या रबराचा वास आला. वैजनाथने झाकणात बोट फिरवलं, बोटाला काळा चिकट थर लागला. गाळाचा एक कण नव्हता. गाळाने रबर झिजतं, त्याच्यावर ओरखडे पडतात. असं वितळतं ते एकाच कारणाने, इंजिन पाण्याबाहेर कोरडं चालवलं तर.

रोहिणी, त्याची बायको, चहा घेऊन आली. तिने चक्राकडे पाहिलं.

"हे तर जळालंय. गाळानं जळतं व्हय?"

वैजनाथने चक्र उलटसुलट करून पाहिलं. खंडेनवमीला याच घोडीवर त्याने इंजिन मांडलं होतं. धुऊन पुसून हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. घरोघरी विळे, कोयते, ट्रॅक्टर पुजतात तसं. आणि आरती सुरू झाल्यावर त्याला अवदसा आठवली, त्याने दोरी ओढून इंजिन सुरू केलं. देवाला आवाज जाऊ दे म्हणाला. पोरीबाळी हसल्या, शेजारची माणसं जमली, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढले. आरती संपेपर्यंत इंजिन कोरडं धडधडत होतं आणि हा टाळ्या वाजवत उभा होता. तेव्हा भाजलेल्या पाकळ्यांनी रविवारपर्यंत कसंबसं पाणी ओढलं असणार.

"आरतीला चालू ठिवलं हुतं तुमी," रोहिणी म्हणाली. तिलाही तेच आठवलं होतं. "आनि मामांना नको नको ते बोललात."

"मला काय सपान पडलं हुतं का?"

"आता तर कळलं ना. मामा उद्या नारायणगावला निघालेत, मजुरीला. त्यांच्या घरच्या सांगत हुत्या. ह्या वयात अड्ड्यावर उभं राहायचं, कुनी घेतलं तर जायाचं. जाऊन सांगा त्यांना."

चहा तसाच ठेवून वैजनाथ निघाला. मामांच्या घरापर्यंतची वाट काही लांब नव्हती, पण त्याने ती लांब केली. काय बोलायचं ते त्याने मनात जुळवलं. मामा, चूक माझी होती, गाळ नव्हता, मीच कोरडं चालवलं. दोन वाक्यांचं काम होतं. आपल्यात तेवढी धमक आहे असं त्याला खरोखरच वाटत होतं.

मामा ओट्यावर पिशवी भरत बसले होते. त्याला बघून ते धडपडत उठले आणि तो तोंड उघडण्याआधीच त्यांनी हात जोडले.

"वैजनाथ, माझंच चुकलं बाबा. लई इचार केला मी. त्या दिशी वाडीला बोट लावताना खाली घासल्यासारखं वाटलं हुतं मला. तुझ्या बापाची बोट, आनि मी तिचं इंजिन घालवलं. मनावर घेऊ नको."

जोडलेले हात वैजनाथच्या समोर होते. त्या हातांनी त्याला पाण्यात धरलं होतं, बुडू दिलं नव्हतं. आता खरं बोललं तर हे हात खाली येतील आणि मामा आपल्याकडे कसे बघतील, या एका विचाराने त्याची जीभ टाळ्याला चिकटली. आणि मग ती सुटली ती भलत्याच बाजूला.

"जाऊ द्या मामा. हुतं कधी कधी. नारायणगावला कशाला जाता, उद्यापासनं या परत."

मामांचे डोळे भरून आले. त्यांची बायको साळूबाई आतून गूळ घेऊन आली, म्हणाली, "मोठ्या मनाचा हायेस बाबा. बापावर गेलास." वैजनाथने तो गूळ खाल्ला. 

घरी रोहिणीने विचारलं, "सांगितलं?"

"येत्यात उद्यापासनं," तो म्हणाला. तिला वाटलं, सांगितलं.

मुंबईहून नवं चक्र आलं, वैजनाथने ते बसवलं, धार पुन्हा जोरात पडू लागली. दिवाळीच्या सुट्टीची गर्दी सुरू झाली. मामा वेळेआधीच हजर असायचे, बोट पुसून ठेवायचे, वैजनाथला "अहो-जाहो" करायला लागले होते. ज्या माणसाने त्याच्या पाठीत धपाटे घातले होते तो आता "मालक" म्हणू लागला. वैजनाथला रात्रीचं जेवण गोड लागेना. स्वतःची लाज वाटत होती आणि ती कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

एका बाजाराच्या दिवशी तो मामांबरोबर वाडीला निघाला. राजूरचा बाजार करून आलेली माणसं बोटीत होती, आक्काबाई पिशवी मांडीवर घेऊन पुढे बसली होती. वाडी जवळ आली तसं मामांनी काठापासून बरंच अलीकडे इंजिन बंद केलं.

"उतरा हितंच. पुढं गाळ हाय."

"आरं पुंजा, काठाला लाव की," आक्काबाई म्हणाली.

"न्हाई आक्का. मागं माझ्यापायी इंजिन गेलं मालकाचं. पुन्यांदा न्हाई करायचो."

बाकीचे उतरले. आक्काबाईने लुगडं वर खोचलं, काठी पाण्यात टेकली आणि पाय सोडला. चिखलात पाय रुतला, तोल गेला, ती कमरेपर्यंत पाण्यात बसली. तिची बाजाराची पिशवी तरंगायला लागली. मामांनी आणि वैजनाथने उड्या टाकून तिला उचलून परत बोटीत घेतलं. म्हातारी थंडीने कुडकुडत होती आणि उलट मामांचीच समजूत घालत होती, की तुझा काही दोष नाही रे.

"मामांचा दोषच न्हाई," वैजनाथ म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. पाण्यात उभी असलेली माणसं वळून बघू लागली. "गाळ न्हवताच इंजिनात. खंडेनवमीला मी कोरडं चालवलं, त्यात पंप जळाला. माझ्यामुळं गेलं इंजिन."

 मामा ओल्या धोतराने उभे होते.

"माझ्या घरी आल्तास, तवा ठावं हुतं तुला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. वैजनाथला ती दिसतही होती.

"व्हय. उघडून बघूनच आल्तो."

"मी हात जोडले तवा?"

"व्हय."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी दोरी ओढली, मागे वळून धार बघितली आणि बोट सावकाश नेऊन काठाला टेकवली. कुठे घासली नाही की अडकली नाही. त्यांनी आक्काबाईला हाताला धरून कोरड्या जमिनीवर उतरवलं, तिची भिजलेली पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि स्वतःही उतरले.

"मामा, चला की," वैजनाथ म्हणाला.

"चूक हुती मानसाकडनं, वैजू. त्याचं काय न्हाई," मामा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी त्याला वैजू म्हटलं होतं. "पर माझ्या घरचा गूळ खाल्लास तू. बोट घेऊन जा. मी ह्या बाजूनं चालत जाईन."

चालत म्हणजे धरणाला वळसा, रात्र होणार. ते आक्काबाईच्या चालीने, तिला सांभाळत वाडीकडे चढू लागले. वैजनाथ सुकाणूपाशी बसून राहिला. मामा वळून बघतील म्हणून तो बराच वेळ थांबला, मग त्याने रिकामी बोट एकट्याने मागे घेतली.