मंगळवारची मावशी

आमच्या हॉटेलात पाहुणे दोन रात्री टिकतात आणि नोकरमाणसं दोन महिने. तीनशे चारमध्ये एक इंजिनिअर चार महिने मुक्कामाला होता. नव्या रिसेप्शनिस्टला लिफ्ट अडकली की काय करायचं, ते त्यानेच शिकवलं. मी मात्र नऊ वर्षं तिथेच. चौसष्ट खोल्यांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे माझ्या ताब्यात. सगळे मला मावशी म्हणतात. नाव विचारण्याइतकं कोणी टिकलंच नाही.

माणसं पळू नयेत म्हणून मालकांनी शक्कल लढवली. नव्याने येणाऱ्याने साप्ताहिक सुट्टीचा वार स्वतः निवडायचा, उरेल तो जुन्यांना. जुनी मी एकटीच, त्यामुळे माझ्या नशिबी कायम मंगळवार. माझी लेक वसतिगृहात राहून शिकते. ती घरी येते रविवारी, सकाळी येऊन संध्याकाळी परत. तेवढ्या वेळात मी परक्यांची अंथरुणं घालत असते. घरी पोचावं तर ओट्यावर तिने विसळून पालथा घातलेला एकच कप. तो बघून रडू येतं, खोटं कशाला सांगू?

रविवारसाठी मी सात मॅनेजरांपुढे घसा कोरडा केला. "बघू या, मावशी," असं प्रत्येकजण म्हणाला आणि बघायच्या आत नोकरी सोडून गेला. आठवा तीन आठवड्यांपूर्वीच आलेला, भलताच नियमाचा माणूस.

"मावशी, कारणं लिहून घ्यायचा फॉर्म फक्त सोडून जाणाऱ्यांसाठी असतो," तो म्हणाला.

"मग तोच द्या. निदान कोणी वाचेल तरी."

'सोडण्याचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, मंगळवार. त्याने दोनदा वाचलं, मनापासून हळहळला आणि खाली मंजुरीची सही ठोकली. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. पिशवी उचलून दारापर्यंत गेले, तर रखवालदार तिथे 'मावशी पाहिजे' अशी पाटी लावत होता. अशी तत्परता गिझर बिघडल्यावर कधी दिसली नव्हती. तशीच मागे फिरले आणि अर्ज केला.

"अनुभव?" मॅनेजरने कागदावरून मान वर न करता विचारलं.

"नऊ वर्षं."

"कुठे?"

"वरच्या मजल्यावर."

त्याने ते लिहून घेतलं. मग नियमाप्रमाणे विचारलं, "सुट्टी कुठल्या वारी हवी?"

मी इतक्या जोरात रविवार म्हणाले की रखवालदार आत डोकावला. नव्या माणसाने तीन दिवस जुन्या माणसाच्या हाताखाली शिकायचं असतं. जुनं कोणीच नव्हतं. मीच मला शिकवलं आणि शिकवणारी, शिकणारी अशा दोन्ही ठिकाणी सह्या केल्या.

पहिल्या रविवारी लेक समोर बसून मैत्रिणींच्या गमती सांगत होती. ओट्यावर दोन कप होते. तेवढ्यात मॅनेजरचा फोन.

"मावशी, बसभर पाहुणे आलेत! चादरींच्या कपाटाची किल्ली कुठे असते?"

"मला काय विचारता? मी नवीन आहे. जुन्या मावशींना विचारा."

"अहो, पण त्या तुम्हीच ना?"

"त्या गेल्या सोडून. सही तुमचीच आहे."

पलीकडे पाहुण्यांचा गलका वाढला. मग अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "मग आता काय करू?"

"मंगळवारी या विचारायला," मी म्हणाले. "मंगळवारी मी असते."